बेंगळुरूच्या मुलांचे कान

लहान मुलाचा कान ठणकू लागला की घरातल्या वडीलधाऱ्यांना पहिल्यांदा तेलाची वाटी आठवते. लसणाची पाकळी घालून कढवलेले तेल, कोमट करून, दोन थेंब. बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी घरांत हा रिवाज आहे तसाच शेजारच्या कन्नड, तमिळ, तेलुगू घरांतही आहे. बाळाची तेलाची आंघोळ, जिला कन्नडमध्ये एण्णे स्नान म्हणतात, टाळू भरणे, न्हाऊ घातल्यावर सांब्राणीची धुरी, वेखंड म्हणजे इथले बजे, आणि कानांवर ओढून बांधलेले टोपरे ही सगळी एकाच कुळातली काळजी आहे. तलावांच्या आणि बागांच्या गावाचे या शतकात अफाट महानगर झाले, पण कानाच्या बाबतीतली एक समजूत जागची हलली नाही: दुखते तिथेच दुखण्याचे मूळ असते आणि औषधही तिथेच घालायचे असते. गेल्या दीडशे वर्षांचा वैद्यकाचा इतिहास आणि त्याच काळातला बेंगळुरूचा इतिहास शेजारी ठेवून वाचला तर ही समजूत टिकत नाही. मुलाचा कान पुन्हा पुन्हा फुटतो तेव्हा कारण बहुधा नाकामागे, घशाच्या वरच्या पोकळीत असते, आणि त्याही पलीकडे ते मूल ज्या खोलीतली हवा घेते त्या खोलीत असते. म्हणून हा प्रश्न आईच्या काळजीचा आहे त्याहून कितीतरी जास्त शहराचा आहे, असे माझे म्हणणे आहे. शहराने मात्र तो कधी आपला मानला नाही.

आधी परंपरेला तिचे श्रेय द्यायला हवे, कारण तिच्यावर सरसकट अडाणीपणाचा शिक्का मारणे अन्यायाचे होईल. काश्यपसंहिता हा बालरोगांचा प्राचीन ग्रंथ. त्याची नेपाळात मिळालेली प्रत 1938 मध्ये छापली गेली. बोलता न येणाऱ्या मुलाचे दुखणे कसे ओळखावे यावर त्यात एक स्वतंत्र अध्याय आहे. मूल हातांनी कानाला चाचपते, डोके सारखे हलवते, त्याला चैन पडत नाही, ते दूध घेत नाही, झोपत नाही, तेव्हा त्याचा कान दुखतो आहे असे समजावे, असा त्यातला आशय आहे. आज बालरोगतज्ज्ञ आईवडिलांना जी लक्षणे विचारतात ती जवळपास हीच. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत. ठणका, स्राव, दुर्गंधी पू, खाज यांना तिथे वेगवेगळी नावे आहेत. निरीक्षण इतके बारीक असूनही उपचार कानाच्या भोकातूनच आत जात राहिले, कारण पडद्यामागे काय आहे हे दिसण्याची सोयच नव्हती. तेलाने थोडा आराम पडतो हेही खोटे नाही. कोमट स्पर्शाने ठणका सुसह्य होतो आणि कुणीतरी जवळ घेऊन बसले आहे याचाही मुलाला दिलासा असतो. पण पडदा शाबूत असेल तर तेल त्याच्या अलीकडेच थांबते आणि सूज असते पलीकडे. पडदा फुटलेला असेल तर तेच तेल, त्यातल्या धुळीसह आणि जंतूंसह, नको तिथे पोहोचते. शिवाय ओल आणि तेल राहिलेल्या कानात बुरशी धरते, हे इथल्या दमट महिन्यांत कानाच्या डॉक्टरांना रोजचेच आहे. सरकारी आरोग्यसेवकांना शिकवल्या जाणाऱ्या बालरोग-व्यवस्थापनाच्या पद्धतीत वाहणाऱ्या कानासाठी सांगितलेला उपाय अगदी साधा आहे: स्वच्छ सुती कापडाची वळी करून कान दिवसातून तीनदा कोरडा टिपायचा आणि आत तेल ओतायचे नाही.

पडद्यामागची वाट युरोपात 1560च्या दशकात बार्तोलोमेओ युस्टाकी या शरीरशास्त्रज्ञाने नीट वर्णन करून दाखवली. मधल्या कानातून नाकामागच्या पोकळीत उतरणारी ही बारीक नळी. 1704 मध्ये वाल्साल्वा या दुसऱ्या शरीरशास्त्रज्ञाने तिला युस्टाकीचे नाव दिले, आणि नाक-तोंड मिटून श्वास जोराने बाहेर ढकलला तर तिच्यातून हवा कानात जाते हेही सांगितले. या नळीची तीन कामे: मधल्या कानात हवा खेळती ठेवणे, आतला ओलावा बाहेर काढणे, आणि घशातले जंतू वर चढू न देणे. मोठ्या माणसात ती सुमारे साडेतीन सेंटीमीटर लांब असते आणि तिला उतार असतो. तान्ह्या मुलात ती त्याच्या निम्मी आणि जवळजवळ आडवी असते. साध्या सर्दीने तिचे तोंड सुजले की आतली हवा शोषली जाते, पाणी साठते आणि घशातले जंतू त्या साठलेल्या पाण्यात वाढतात. सहा महिने ते दोन वर्षे या वयात कानदुखी सर्वांत जास्त का होते याचे उत्तर या मापात आहे. मूल मोठे होते तशी नळी लांबते, तिरपी होते आणि बहुतेकांचा त्रास आपोआप ओसरतो. 1863 मध्ये व्हिएन्नाच्या अ‍ॅडम पोलिट्झरने रबरी फुग्याने नाकातून हवा देऊन ही नळी उघडण्याची रीत काढली. 1868 मध्ये कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयरने नाकामागे वाढणाऱ्या मांसल गाठीचे, म्हणजे अ‍ॅडिनॉइडचे, वर्णन केले आणि ती वाढली की मुले तोंडाने श्वास घेतात, घोरतात आणि कमी ऐकतात हे दाखवले. कानाच्या रोगाचा पत्ता कानातून नाकात सरकला तो असा. घरगुती समजुतीत तो अजून सरकलेला नाही.

मेयरचा निबंध निघाला त्याच 1868 मध्ये बेंगळुरूच्या कँटोन्मेंटमध्ये बावरिंग हॉस्पिटल सुरू झाले. म्हैसूरचे कमिशनर लेविन बावरिंग यांच्या नावाचे. 1886 मध्ये सेंट मार्थाज आले. 1897 मध्ये जुन्या शहराच्या बाजूला व्हिक्टोरिया हॉस्पिटलची पायाभरणी झाली आणि डिसेंबर 1900 मध्ये लॉर्ड कर्झनच्या हस्ते ते उघडले. बायका-मुलांसाठी वाणी विलास हॉस्पिटल 1935 मध्ये झाले. या मालिकेत एक गोष्ट डोळ्यांत भरते. डोळ्यांसाठी 1896 मध्येच वेगळा दवाखाना सुरू झाला होता आणि 1913 मध्ये त्याची मिंटो हॉस्पिटलची दगडी इमारत उभी राहिली. देशातल्या जुन्या नेत्ररुग्णालयांत मिंटोची गणना होते. कानाला मात्र पुढची कित्येक दशके मोठ्या रुग्णालयातला एक विभाग एवढीच जागा मिळाली. व्हिक्टोरियाच्या आवारातली कान-नाक-घशाची स्वतंत्र संस्था फार उशिराची. याला कारण आहे. मोतीबिंदू झालेला माणूस चालताना अडखळतो, घरच्यांना ते दिसते, शस्त्रक्रियेनंतर तो पाहू लागतो आणि संस्थानाला त्याचे श्रेय मिळते. ज्या मुलाच्या कानात पाणी साठले आहे ते मात्र धावते, खेळते, हसते. ते फक्त मागून मारलेली हाक ऐकत नाही आणि त्याला हट्टी म्हटले जाते. असे पाणी साठलेले असताना ऐकणे साधारण वीस ते तीस डेसिबलने कमी होते. ही घट बहिरेपणा वाटावी इतकी मोठी नसते, पण शब्दांची शेवटची व्यंजने हरवावीत आणि वर्गातले अर्धे बोलणे निसटावे इतकी नक्कीच असते. बेंगळुरूसारख्या शहरात मूल घरात एक, अंगणात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा ऐकते. तिथे ही अर्धवट ऐकण्याची दोन वर्षे फार महाग पडतात.

रोग हवेत आणि गर्दीत असतो हे बेंगळुरूला माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. ऑगस्ट 1898 मध्ये हुबळीकडून रेल्वेने प्लेग आला आणि जुन्या पेठांच्या चिंचोळ्या गल्ल्यांत हाहाकार झाला. त्या दशकात आखल्या गेलेल्या बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या वसाहती प्लेगनंतर भराभर वसल्या. रुंद रस्ते, सुटी घरे, मागच्या बाजूला सफाईसाठी वेगळ्या गल्ल्या, भरपूर उजेड आणि वारा अशी त्यांची रचना. आज या भागांचे कौतुक जुन्या बेंगळुरूचे सौंदर्य म्हणून होते. खरे तर त्या आरोग्याच्या वसाहती होत्या. घरांमधले अंतर हेही औषध आहे, ही कबुली त्या नकाशात आहे. पण ही कबुली साथीपुरतीच राहिली. माणसे पटापट मरतात तेव्हा शहर रस्ते रुंद करते. मुले दर महिन्याला तापतात, रडतात आणि बरी होतात तेव्हा कुणी नकाशा उघडत नाही. 1951 मध्ये बेंगळुरूची वस्ती आठ लाखांच्या आत होती, 2011 मध्ये ती चौऱ्याऐंशी लाखांवर गेली. ही वाढ बसवनगुडीच्या मापाने झाली नाही. एका खोलीत पाच माणसे, त्यातली दोन शाळेतून रोज नवी सर्दी आणणारी, अशी घरे शहराच्या कडेकडेने वाढली, आणि सर्दी तान्ह्याच्या नाकापर्यंत पोहोचायला तेवढे अंतर पुरते.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो: प्रतिजैविके आल्यावर हा सगळा इतिहास जुना झाला नाही का? या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. प्रतिजैविकांच्या आधी मधल्या कानातला पू कानामागच्या हाडात उतरला की जीव धोक्यात येई. 1873 मध्ये जर्मनीत हेर्मान श्वार्ट्सेने ते हाड उघडून पू काढण्याची शस्त्रक्रिया पद्धतशीर मांडली, आणि पुढची सत्तर वर्षे जगभरच्या रुग्णालयांत तोच शेवटचा उपाय होता. मग सल्फा औषधे आली, मग पेनिसिलीन. पुण्याजवळ पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना 1954 मध्ये स्थापन झाला आणि 1955 मध्ये तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पुढे पिंपरीच्या प्रयोगशाळेत म्हैसूर भागातून आलेले बुरशीशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार यांनी बुरशीवरचे हॅमायसिन शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे. या औषधांनी कानामागचे हाड कोरण्याची वेळ क्वचितच येऊ लागली. जीव वाचले, हे नि:संशय. पण पुन्हा पुन्हा होणारी कानदुखी त्यांनी थांबवली नाही, कारण ती थांबवणे हे त्यांचे कामच नव्हते. औषध या खेपेचे जंतू मारते. आडवी नळी, वाढलेली गाठ, शेजारच्या मुलाची सर्दी आणि खोलीतला धूर जसेच्या तसे राहतात, आणि तीन आठवड्यांनी पुढची खेप येते.

उलट औषधाच्या सोपेपणाने एक नवा रिवाज तयार केला आणि तो तेलाच्या वाटीइतकाच घट्ट बसला आहे: मागच्या वेळची चिठ्ठी, औषधाचे दुकान, तीन दिवस गोड पातळ औषध, ताप उतरला की बाटली फ्रिजमध्ये. नेदरलँड्समध्ये 1981 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की कानदुखीची बहुतेक मुले वेदनाशामक आणि देखरेख एवढ्यावर काही दिवसांत बरी होतात. तिथल्या डॉक्टरांनी थांबून पाहण्याची पद्धत स्वीकारली, आणि 2004 मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही निवडक मुलांसाठी ती मान्य केली. याचा अर्थ औषध नको असा नाही. सहा महिन्यांच्या आतले मूल, खूप ताप, जोराचा ठणका, दोन वर्षांखालच्या मुलाचे दोन्ही कान किंवा वाहणारा कान अशा वेळी डॉक्टर लगेच प्रतिजैविक देतात आणि द्यायलाच हवे. थांबून पाहायचे ते डॉक्टरच्या नजरेखाली, आणि दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर परत जाण्याची सोय असताना. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आईला ‘तीन दिवसांनी पुन्हा या’ हे सांगणे सोपे आणि तिने ते पाळणे अवघड असते. दुकानातून परस्पर औषध घेणे हा तिचा अविचार म्हणून सोडून देता येत नाही. जवळ दवाखाना नसलेल्या शहरातला तो हिशेब आहे. सरकारने मार्च 2014 पासून सेफिक्झिमसारख्या अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे दुकानदारांवर बंधनकारक केले. नियम चांगला, पण जवळच्या दवाखान्याची उणीव तो भरून काढत नाही.

शस्त्रक्रियेबद्दलही असेच धीराने बोलायला हवे. सहा महिन्यांत तीनदा किंवा वर्षात चारदा मधला कान पिकला तर डॉक्टर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात, आणि पडद्यात बारीक नळी बसवण्याचा विषय निघतो. ही कल्पना पोलिट्झरच्या काळापासून होती. 1954 मध्ये अमेरिकेच्या बेव्हर्ली आर्मस्ट्राँगने प्लॅस्टिकची नळी वापरून तिला नवे आयुष्य दिले, आणि आता बेंगळुरूच्या खासगी रुग्णालयांत ग्रॉमेट हा शब्द आईवडिलांच्या तोंडी रुळला आहे. महिनोन्‌महिने पाणी साठून ऐकणे कमी झालेल्या मुलाला तिचा उपयोग होतो. पण केवळ वारंवार संसर्ग होतो म्हणून ती बसवली तर? 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अडीचशे लहान मुलांवरच्या अमेरिकन चाचणीत नळी बसवलेल्या आणि दर खेपेला औषध दिलेल्या मुलांमध्ये दोन वर्षांत संसर्गाच्या संख्येत ठळक फरक पडला नाही. म्हणजे सर्वांत आधुनिक उपाय सुद्धा कानाच्या पडद्याशी थांबला की फार पुढे जात नाही.

दुसरा आक्षेप बेंगळुरूत जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतो: इथली हवाच थंड, वारा कानात शिरतो. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच आहे, संध्याकाळी गारवा उतरतो, आणि याच हवेसाठी इंग्रजांनी 1809च्या सुमारास इथे कँटोन्मेंट वसवले. पण बाहेरचा वारा शाबूत पडद्यापलीकडे जाऊ शकत नाही. गार आणि पावसाळी दिवसांत कानदुखी वाढते, कारण खिडक्या बंद होतात, माणसे जवळ बसतात आणि सर्दीचे विषाणू हात आणि श्वास बदलत फिरतात. हवेला दोष द्यायचाच असेल तर तो गारव्याला नको, तिच्यात काय मिसळले आहे त्याला द्यावा. डॉ. एच. परमेश यांनी बेंगळुरूतल्या आपल्या रुग्णालयात आलेल्या मुलांची दोन दशकांची नोंद प्रसिद्ध केली. दम्याचे प्रमाण 1979 मध्ये 9 टक्के होते, ते 1999 मध्ये 29.5 टक्के झाले, आणि त्यांनी त्याचा संबंध शहरातल्या वाहनांच्या आणि प्रदूषणाच्या वाढीशी जोडला. हे आकडे रुग्णालयात आलेल्या मुलांचे आहेत, सगळ्या शहराचे नाहीत, आणि दमा म्हणजे कानदुखी नव्हे, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावेत. तरीही ज्या हवेने श्वासनलिका सुजते त्याच हवेने नाक आणि नाकामागची नळीही सुजते. तिन्हींचे अस्तर एकच आहे. पुण्यात 1955च्या सुमारास पहिल्यांदा नोंदवलेले गाजर गवत, ज्याला कर्नाटकातही काँग्रेस गवत म्हणतात, बेंगळुरूच्या मोकळ्या प्लॉटांवर माजले. इथल्या संशोधकांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शहरातल्या सुमारे 7 टक्के लोकांना या एका गवताच्या परागांमुळे नाकाची अ‍ॅलर्जी असल्याचे आढळले. घरातला धूरही विसरून चालणार नाही. धूम्रपान करणाऱ्या आईवडिलांच्या मुलांत मधल्या कानाचे संसर्ग जास्त होतात, हे फिनलंडच्या संशोधकांनी 1996 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले. चूल, डासांची कॉइल, आणि प्रेमाने दिलेली सांब्राणीची धुरी यांनाही त्या खोलीतून बाहेर काढावे लागेल. धुरी सोडणे कित्येक आज्यांना जड जाईल, आणि तरी ते सांगायला हवे.

त्याच फिनिश अभ्यासात आणखी एक आकडा आहे. घराबाहेरच्या पाळणाघरात राहणाऱ्या मुलाला मधल्या कानाच्या संसर्गाचा धोका घरी राहणाऱ्या मुलाच्या जवळपास अडीचपट दिसला. हा आकडा पाळणाघरांच्या कायद्यांशेजारी ठेवून पाहावा. 1948च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासहून जास्त बायका काम करतात तिथे पाळणाघर बंधनकारक केले. 1976च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीसवर आली. बेंगळुरूच्या कापड गिरण्यांची जागा पुढे तयार कपड्यांच्या कारखान्यांनी घेतली, आणि पीन्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रस्ता इथल्या शिलाईच्या रांगांवर बहुसंख्येने बायकाच बसल्या. 2017 मध्ये प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या सर्व आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची झाली, त्यात संगणक कंपन्याही आल्या. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. ज्या वयात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती ओसरते आणि कानदुखीचा सर्वांत कठीण काळ सुरू होतो, नेमक्या त्याच महिन्यात मूल वीस मुलांच्या खोलीत जाते. कायदे करणाऱ्यांनी बाईच्या नोकरीचा विचार केला, आणि तो योग्यच होता. त्या खोलीतल्या हवेचा विचार कुणी केला नाही.

यावर हमखास येणारा निष्कर्ष, की बायकांनी घरी बसावे, मी पूर्णपणे नाकारते. धोका आईच्या नोकरीत नाही, मुलांच्या संख्येत आणि खोलीच्या रचनेत आहे. त्याच अभ्यासात एखाद्या घरी थोडी मुले सांभाळली जातात तिथला धोका मोठ्या पाळणाघरापेक्षा बराच कमी, आपल्या घरी राहणाऱ्या मुलाच्या सुमारे दीडपट, आढळला. म्हणजे गट लहान केला, उघडणाऱ्या खिडक्या दिल्या, हात धुण्याची सोय आणि सवय लावली, दुधाची बाटली मुलाला आडवे करून तोंडात कोंबण्याऐवजी उचलून घेऊन पाजण्याइतके हात ठेवले, तर धोका उतरतो. कामाच्या जागीच पाळणाघर असेल आणि आईला मध्ये जाऊन पाजता येत असेल तर स्तनपान टिकते, आणि तीन महिन्यांहून जास्त टिकलेले स्तनपान कानालाही थोडे जपते. राहिला आनुवंशिकतेचा मुद्दा. आईवडिलांना किंवा भावंडांना हा त्रास झाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता दुपटीहून जास्त असते, हे खरे आहे. पण जन्माने आलेले बदलता येत नाही म्हणून बदलता येणारे सोडून द्यावे, असे त्यातून निघत नाही. अशा मुलाला तर बरी हवा आणि लहान गट यांची गरज इतरांहून जास्त.

शेवटचा आक्षेप सर्वांत सौम्य वाटतो आणि सर्वांत घातक आहे: मोठे झाले की जाईल. बहुतेक मुलांचे जाते. ज्यांचे जात नाही त्यांचा पडदा फुटलेलाच राहतो, कान वर्षानुवर्षे वाहतो, आणि ऐकणे कायमचे कमी होते. चार टक्क्यांहून जास्त लोकांत असा वाहणारा कान आढळला तर तो तातडीने हाताळण्याचा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 1996 मध्ये ठरवले, आणि त्या गटात भारताचे नाव होते. अशा कानांची गणती श्रीमंत देशांत फार कमी आहे. तिथल्या मुलांच्या कानाची रचना वेगळी नाही. त्यांची घरे कमी दाटीची आणि दवाखाना जवळचा आहे, एवढेच. कर्नाटकाला या बाबतीत सबब सांगता येणार नाही, कारण वाचा आणि श्रवण यांची राष्ट्रीय संस्था 1965 पासून म्हैसूरलाच आहे. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2007 मध्ये सुरू झाला तेव्हा टाळता येणाऱ्या बहिरेपणाच्या कारणांत वाहणारा कान ठळकपणे धरला होता. पण अंगणवाडीत मुलाचे वजन दर महिन्याला होते. त्याला मागून हाक मारून ते वळते का हे पाहायला अर्धे मिनिट लागते आणि ते क्वचितच होते.

जे हातात आहे ते हक्काने घ्यावे. कानदुखीला कारण होणाऱ्या प्रमुख जंतूंपैकी न्यूमोकोकस या एकावर लस आहे. फिनलंडमध्ये 2001 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या लसीने एकूण कानदुखी फक्त सुमारे 6 टक्क्यांनी आणि त्या जंतूमुळे होणारी 34 टक्क्यांनी कमी केली. चमत्कार नाही, पण न्यूमोनिया आणि मेंदूज्वरापासूनचे संरक्षण त्यासोबतच मिळते. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ती 2017 मध्ये काही राज्यांत आली आणि 2021 मध्ये देशभर. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही याच जंतूवरची स्वदेशी लस डिसेंबर 2020 मध्ये आणली. बेंगळुरूत भाड्याच्या घरातून घर बदलताना बाळाचे लसीकरणाचे कार्ड मागे राहते किंवा पुढचा डोस चुकतो. ते आजच काढून पाहा. मूल महिनाभर हाकेला वळत नसेल, कान दोन आठवड्यांहून जास्त वाहत असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या, आणि कानामागे सूज आली तर त्याच दिवशी. पाळणाघर निवडताना भिंतीवरच्या चित्रांआधी खोलीतली मुले मोजा आणि खिडकी उघडते का ते पाहा. न्यूमोकोकसची लस सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते: सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात.